दुसरं ताट

आमच्या गावच्या स्मारकासमोर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सारे त्याला नुसतं भाऊ म्हणायचे, मीही कधी नाव विचारलं नाही.

कॉलेजात असताना मी सायकल स्मारकाला टेकवून ब्रह्मपुरीची बस पकडायला पळायचो. संध्याकाळी परत आलो की ती त्याच्या दुकानापाशी उभी असायची. ट्यूब कानाशी धरून पंक्चर शोधता शोधता, मान वर न करता तो म्हणायचा, "तिथी नको लावत जाऊ बाबू. पोट्टे उभे हायेत तिथी." स्मारकावर लढाईत गेलेल्या गावच्या तीन जवानांची नावं होती. मी हसायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच लावायचो.

नोकरी लागल्यावर एकदा धान निघायच्या दिवसांत गावी आलो. दुपारी भाऊ स्मारकाच्या ओट्यावर नव्या तांदळाच्या भाताची दोन ताटं मांडून बसला होता. मला येताना पाहून वाढलं असेल, असं समजून मी बसलो आणि घास घेतला. मग आठवलं, आमच्याकडे नवा तांदूळ घरातल्या गेलेल्या माणसांना आधी वाढतात.

माझा हात थांबला. भाऊ मधल्या नावाकडे पाहत म्हणाला, "खा. त्याच्या घरी आता कोणी नाई राह्यलं, म्हणून मी आणतो. तो काई म्हणत नाई. शाळेत बी त्याचा डबा मीच खात होतो."

मी ताट संपवलं, हात धुतले आणि पहिल्यांदाच ती नावं नीट वाचली. मधल्या नावावरून माझ्या सायकलच्या हँडलचा जुना ओरखडा गेला होता.