लाटण्याने दाबलेलं बटण

कॅल्गरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नागपूरच्या काकूंमुळे मी आज फोडणी करते. लहानपणी घरात स्टोव्हचा भडका उडाला, आईचे हात भाजले आणि घर सांभाळायला सातवीतच माझी शाळा सुटली. इथे बेसमेंटमध्ये मोहरी तडतडली की छतावरचा स्मोक अलार्म वाजायचा आणि मी स्लिपरवरच बर्फात पळायचे. शेवटी आम्ही दोघं नवराबायको उकडलेलंच खाऊ लागलो.

हे कळल्यावर काकू लाटणं घेऊन खाली आल्या. "या डबड्याचं बटण रोज तूच दाबायचं, मुद्दाम वाजवायचं, म्हणजे सवय होईल. घाबरू नको नं पोरी, मी आहे नं इथं."

पहिल्या दिवशी मी लाटण्याने बटण दाबलं, अलार्म किंचाळला आणि मी त्यांचा हात धरून रडले. आठवड्याभरात आम्ही दोघी वाजत्या अलार्मखाली उभ्या राहून त्यालाच विचारू लागलो, "झालं का तुझं रडून?" मग एकदा तो फोडणीने वाजला. मी टॉवेलने धूर हाकलला आणि वरण पुरं केलं.

शेगडी मी अजूनही तीनदा तपासते, ते असो.

काकूंना मात्र विमानाची धास्ती आहे; कित्येक वर्षांत त्या नागपूरला गेलेल्या नाहीत. एक दिवस शेजारच्या सीटवर बसून, त्यांचा हात धरून मी त्यांना घेऊन जाणार आहे.