बेंचवरचा फोन

लॉकडाउनमध्ये घरोघरी रिकाम्या बाटल्या साचल्या. आमच्याकडे कोच हेंकचे किस्से साचले. अजून घर रिकामं होत नाही!

अ‍ॅमस्टरडॅममधल्या आमच्या कॉलेजची बेसबॉल टीम त्याच्याकडे होती. ट्रायल घ्यायला बंदी, म्हणून हा गडी सायकल स्टँडपाशी उभा राहून खेळाडू शोधायचा. एकदा वाऱ्यात माझी पिशवी फाटली आणि संत्री उडाली. दोन मी सायकलवरूनच झेलली. मागून आवाज आला, "शनिवारी मोकळी आहेस का?"

*

मग त्याने बाकीच्यांकडून व्हिडिओ मागवले. आमच्या वर्गातल्या सांगलीच्या निखिलने आपले लांब लांब फटके पाठवले. त्याला का घेतलं विचारलं, तर हेंक म्हणाला, "फटके सगळेच पाठवतात. हा शेवटी एकटा बॉल गोळा करत होता, तेही गाणं म्हणत!"

*

आम्ही दोघंही क्रिकेटवर वाढलेले. बॉल मारला की पहिल्या बेसच्या पांढऱ्या चौकोनाकडे बॅट घेऊनच पळत सुटायचो. हेंक ओरडायचा, "बॅट टाका! बेसला पाय लावा! बॅटला कोण विचारतंय?"

*

कोणाला खेळवायचं हे तो बेंचकडे बघून ठरवायचा. "बसूनही जो मॅचमध्ये असतो, तो आधी मैदानात."

निखिल मात्र सगळा सीझन बेंचवरच. मला फार वाईट वाटायचं. प्रेक्षकांना बंदी, त्यामुळे गवतावर फक्त ऊन पसरलेलं. संध्याकाळ संपता संपायची नाही, वर विमानांशिवायचं निळं आकाश, आणि हा कोपऱ्यात फोन धरून बसलेला.

शेवटच्या मॅचला मी हेंकला विचारलंच.

"तो सारखा फोनमध्ये असतो," तो म्हणाला.

"अरे, तो बाबांना मॅच दाखवतो! त्यांचं इकडचं तिकीट रद्द झालं. मुलाला एकदा तरी खेळताना बघायचंय त्यांना!"

हेंक उठला. निखिलच्या हातातून फोन घेतला. "जा, बॅट घे. हा मी धरतो."

निखिलने असा सणसणीत फटका मारला की आम्ही सगळे उभे राहिलो. समोरच्या टीमच्या फिल्डरने तो कसाबसा अडवून बेसकडे फेकला. निखिल जिवाच्या आकांताने धावला, बॅट हातातच! बेसच्या अलीकडे त्याने अंग झोकून दिलं आणि पायाऐवजी बॅट बेसवर टेकवली.

अंपायरने आउट दिलं.

फोनमधून सांगलीचा आवाज घुमला, "बॅट टेकली होती की! नॉट आउट!"

"काय म्हणतायत?" हेंकने विचारलं. मी सांगितलं.

त्याने टोपी सरळ केली आणि फोन पुढे धरून अंपायरकडे निघाला.