मुठ्यातली चूल

हिंजवडीजवळच्या जांबे गावातून निघताना मी पदर दोनदा पोटावर ओढून घेतला. सातवा महिना लागला होता, पण कुणाला कळू द्यायचं नव्हतं. टँकरच्या पाण्याला वैतागलेला आमचा घरमालक लेकरू येणार म्हटलं की खोली सोडायला लावतो. मुठा गावात एका शेतघराची राखण मिळेल, राहायला खोलीसुद्धा, असं माझ्या नवऱ्याला कळलं होतं. आम्ही हिंगोलीकडचे, इथे दुसरा आसरा नव्हता.

पिरंगुटला वडाप (माणसं भरली की सुटणारी जीप) धरली. इमारती मागे पडल्या, दोन्हीकडे डोंगर आले, मधे भाताची खाचरं. खड्ड्याखड्ड्याला माझा जीव वर-खाली होत होता, पण ‘हळू चालवा’ म्हणायचीही चोरी.

शेतघरावर माणसं ठेवायचं काम गावातल्या सरूबाईंकडे. त्यांनी आधी जेवायला वाढलं, आंबेमोहोराचा भात आणि पिठलं.

"भाकरी मिळंल का मावशी?" नवऱ्यानं विचारलं.

"मिळंल की, तांदळाची! ज्वारी हिंगोलीला जाऊन खा."

जेवून नवरा शेतघर बघायला गेला. मी चुलीपाशी बसले. भाजक्या मातीचा वास आला आणि बोट कधी गेलं कळलंच नाही. चुलीच्या कडेचा खपला मी तोंडात टाकला.

"कितवा म्हैना?" सरूबाईंनी मागून विचारलं.

मी पदर पोटावर ओढला.

"माझी चूल खातीयास आन् माझ्यापासनंच लपवतीस व्हय?"

मला रडूच फुटलं. "काम जाईल, मावशी."

त्यांनी माझी पापणी ओढून पाहिली. "पांढरीफटक! रगत कमी पडलं की माती ग्वाड लागती. माझ्या सुनंनं बी चूल अशीच कोरली व्हती. दवाखान्यात नाव घातलंस?"

"नाही. नाव घातलं की दवाखान्याच्या आशाताई खोलीवर येतात. मालकाला कळलं असतं."

"खोलीपायी जीव घालवती का काय, येडे!"

हाताला धरून त्या मला गावातल्या आशाताईंकडे घेऊन गेल्या. रक्ताच्या गोळ्या मिळाल्या, तपासणीचं ठरलं.

"रात्री कळा आल्या तर?" मी विचारलं. इतके दिवस याच भीतीनं झोप नव्हती.

"शेजारीच ऱ्हातीय मी. हाक मार. गाडी दारात हाय. आन् खोली तुमचीच, लेकरासकट."

नवरा शेतघर बघून आल्यावर सामान आणायला दुपारीच परत फिरलो. वाटेत वाटलं, दवाखाना जांब्यातही काही लांब नव्हता. मला तिथवर जायला आधी एक न सुटणारी खोली हवी होती. सातवीत शाळा सुटलेल्या मला हे मुठ्यात कळलं. सरूबाईंचे उपकार कसे फेडू?

हिंजवडीच्या बसला गर्दी होती. मी पदर मोकळा सोडला. एक मुलगी लगेच उठली. "ताई, बसा ना."

मी बसले.