डेस प्रिडलचं प्लास्टरचं डोकं

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या नेरांगच्या गल्लीत बरीच वर्षं एक बातमी फिरत होती. डेस प्रिडलचं तोंड गॅसच्या शेगडीने भाजलंय आणि बायको त्यापायीच दूर उत्तरेला, केर्न्झला निघून गेली. बातमी अगदी पक्की, कारण ती मीच फिरवली होती. माणूस भल्या पहाटे गाडी काढायचा आणि संध्याकाळी परतायचा तो गाल सोलवटलेले, कपाळ लालबुंद. शेजारणीने काय समजायचं?

शेवटी माझ्या नवऱ्याने, केल्विनने, कुंपणावरून सरळ विचारलं, "काय रे डेस, भाजलास कुठे?"

"भाजतोय कसला! गोंद आहे."

तेव्हा टीव्हीवर 'लांबचा फेरा' लागायचा. अंतराळातलं जहाज, दर आठवड्याला नवा ग्रह, देखणा कप्तान. आणि खाली यंत्रघरात, मानेला माशासारखे कल्ले असलेला, डावा पाय ओढत चालणारा ओर्रुक. त्याला भागाला दोनच वाक्यं असायची. "झडप बंद केली, कप्तान." आणि फारच कठीण प्रसंग असला तर, "झडप उघडली, कप्तान." तो ओर्रुक म्हणजे आमचा डेस. आठ वर्षं. रबराचा चेहरा डकवायला रोज तीन तास, सोलून काढायला एक. कप्तानाला लोक रस्त्यात गराडा घालायचे. डेसला सुपरमार्केटातली पोरगी विचारायची, "पिशवी देऊ का, काका?"

मालिका संपली त्या दिवशी कोराली प्रॅटनने डेसला त्याचंच डोकं भेट दिलं. कोराली म्हणजे आठ वर्षं रोज त्याच्या तोंडाला गोंद फासणारी बाई. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडावर लेप थापून तिने साचा काढला होता, त्यातून प्लास्टरचं डोकं ओतलं होतं आणि त्यावर ओर्रुक घडवला होता. कल्ले, भुवयांची हाडं, सगळं जसंच्या तसं. डेसने ते धुण्याच्या खोलीत मशिनवर ठेवलं आणि त्याला आपली टोपी घातली. मी साखर मागायला गेले की आधी ओर्रुकला "गुड मॉर्निंग" करायचे. मालकापेक्षा तो बरा ऐकून घ्यायचा.

कोराली दर नाताळाला यायची. दोघं व्हरांड्यात बसून कोळंबी सोलायची आणि ती म्हणायची, "मालिका पुन्हा निघाली ना डेस, तर तुझ्याशिवाय ओर्रुक नाही. मी होऊच देणार नाही."

आणि गेल्या वर्षी खरंच बातमी आली, 'लांबचा फेरा' पुन्हा निघतोय. डेस अडुसष्टचा झाला होता, पण त्या दिवसापासून रोज दाढी करायला लागला. दाढीच्या खुंटांवर गोंद धरत नाही म्हणे. बिअर सोडली. हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या बोल्स क्लबचं कप्तानपद सोडलं, कारण चित्रीकरण कधी लागेल सांगता येत नाही!

मी म्हटलं, "लग्न ठरलं की काय रे तुझं?"

"मरीन, झडप बंद कर."

ऑगस्टात कोराली आली. म्हणाली, "डोकं आठवडाभर दे. काम लवकर सुरू झालेलं बरं." डेसने ते चांगल्या टॉवेलात गुंडाळलं, तिच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि वरून पट्टा लावला. पट्टा दोनदा ओढून पाहिला.

मग फोन काही येईना. डेसची दाढी मात्र चालू.

डिसेंबरात क्लबातल्या मोठ्या टीव्हीवर नव्या मालिकेची झलक दाखवली. जहाज आलं, कप्तान आला आणि यंत्रघरातून ओर्रुक बाहेर पडला. तेच कल्ले, तीच हाडं, डेसच्या डाव्या गालावरचा देवीच्या खड्ड्यासारखा वणही तसाच. सगळा क्लब टाळ्या वाजवायला लागला. केल्विनने पाठीवर थाप मारली. "लबाडा! केव्हा करून आलास रे हे? आणि पाय बरा झाला वाटतं, कसा ताठ चालतोयस!"

डेस उभा होता. लोक त्याचा हात हातात घेऊन हलवत होते आणि तो हलवू देत होता. मग बाहेर जाऊन आमच्या गाडीपाशी थांबला. मी गेले, तर विचारतो, "मरीन, तुला तरी कळलं ना, तो मी नव्हतो?"

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे. तेवढं एक मला जमलं नाही. "नाही रे," म्हटलं, "मीही टाळ्या वाजवल्या."

दुसऱ्या दिवसापासून त्याने दाढी सोडली.

नाताळाच्या आदल्या दुपारी कोराली कोळंबी घेऊन आली. काखेत टॉवेलातलं डोकं. मी कुंपणापाशी झाडांना पाणी घालत होते. एकाच कुंडीला, वीस मिनिटं.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "त्यांनी यंत्राने डोकं मोजून घेतलं आणि चेहरा संगणकातून दुसऱ्यावर चढवला. गोंद नाही, काही नाही. तुझ्या वयाच्या माणसाचा विमा उतरवायला ते तयार नव्हते."

"पट्टा लावताना माहीत होतं तुला?"

कोराली कुंडीकडे बघायला लागली. "होतं. वाटलं, निदान चेहरा तरी तुझा राहील."

डेसने डोकं घेतलं. कोळंबी घेतली नाही. तरी ती निघेना. म्हणाली, "अजून एक मागायचं होतं. त्या नव्या माणसाला ओर्रुकची चाल जमत नाही. झलक बघून प्रेक्षक हसतायत. एक दिवस येऊन शिकवशील? माझ्यासाठी?"

तिला काय ठाऊक! नाही तरी आठ वर्षं तिने फक्त त्याचं तोंडच पाहिलं होतं. डेसने डोक्यावर टोपी घातली, प्लास्टरच्या, आणि म्हणाला,

"ती चाल ओर्रुकची नाही, कोराली, माझ्या डाव्या गुडघ्याची आहे. त्याला सांग, शिडी लाव, छपराची पन्हळ साफ करायला चढ आणि खाली पड. मी असाच शिकलो."