लोहारणीचा घण

हार्डवेअरच्या दुकानात मी खिळे घ्यायला गेले होते. शेजारी एक लोहारीण नवऱ्याबरोबर घण निवडत होती. तिचा नवरा तापलेलं लोखंड चिमट्यात धरून ऐरणीवर ठेवतो आणि ती वरून घण घालते, हे त्यांच्या बोलण्यातून कळलं. परवा जुन्या घणाचं डोकं दांड्यातून निसटलं आणि नवऱ्याच्या कानाजवळून गेलं होतं.

"अगं, घे ना कुठलाही," तो हसत म्हणाला.

ती हसली नाही. प्रत्येक घणाचा दांडा ती हलवून बघत होती, घामेजलेला तळवा पदराला पुसत होती. ज्याच्यावर जीव आहे, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर रोज घाव घालायचा! आपणही आपल्या माणसांच्या इतक्याच जवळ वावरतो, पण हातातलं काही असं तपासून बघत नाही.

शेवटी तिने एक लहान घण उचलला.

"हलका आहे. लोखंड लवकर वाकायचं नाही," नवरा म्हणाला.

"मग चार घाव जास्त घालीन. पण हा मला आवरेल."

दुकानदाराने बांधून द्यायला घण मागितला. तिने तो हातातून सोडला नाही.