स्क्रूवरची लाल रेघ

माझा स्वभाव तापट, आणि त्याहून वाईट म्हणजे डूख धरणारा. हे आता कबूल करायला मला जड जात नाही, कारण ज्याच्यापुढे कबूल करायला हवं होतं तो माणूस राहिला नाही. तो माझा थोरला भाऊ. सांगलीत कुपवाडच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये आम्हा दोघांचं मोटारगाड्यांचं गॅरेज होतं. दादा पलटणीत मेकॅनिक होता. नोकरी संपवून आला आणि त्यानं मला हाताशी धरून धंदा शिकवला. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेल्यामुळे मला कपडे शिवायचा आणि मला बदडायचा, दोन्ही हक्क त्याच्याकडेच आलेले.

आमचं नाव होतं ते कार्ब्युरेटरसाठी. इंजिनाला पेट्रोलमध्ये किती हवा मिसळून द्यायची ते त्या भांड्यात ठरतं, आणि ते प्रमाण एका बोटाएवढ्या स्क्रूवर असतं. हल्ली म्हणे पेडल किती दाबलं ते गाडीला स्वतःलाच कळतं आणि ते जुळवायला संगणक जोडतात. आमच्याकडे हातभर रबरी नळी होती. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानात, आणि आत जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकत स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. दादा डोळे मिटून ऐकायचा. मी उघडे ठेवायचो, कारण कोण बघतंय तेही मला बघायचं असायचं.

भांडण झालं ते यामुळेच. मला सांगून आलेल्या मुलीचे वडील आणि मामा एक दिवस न सांगता गॅरेजात आले, मुलगा काय काम करतो ते बघायला. मी मुद्दाम एका गिऱ्हाइकाची गाडी त्यांच्यासमोर घेतली, नळी कानाला लावली, झोकात स्क्रू फिरवला आणि हात पुसले. दादा आतून आला, त्यानं नळी घेतली, ऐकलं, आणि माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेऊन माझा स्क्रू परत फिरवला. वर म्हणाला, घाई करत जाऊ नको. मुलीचा मामा हसला.

लग्न जमायचं ते जमलंच, पण ते हसू माझ्या मनातून गेलं नाही. त्या संध्याकाळी मी दादाला नको नको ते बोललो. यापुढे माझ्या स्क्रूला हात लावायचा नाही, असं बजावलं. त्यानं एवढंच म्हटलं, "बरं. न्हाई लावत." माझं लग्न पार पाडलं, आणि महिन्याभरानं महाबळेश्वरला निघून गेला. तिथल्या टॅक्सीवाल्यांना मेकॅनिक हवा होता. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं जाताना वहिनीजवळ म्हणाला. गॅरेज मला ठेवलं, सगळी हत्यारं ठेवली, खिळ्यावरची नळीसुद्धा तशीच ठेवली. मी लोकांना सांगितलं, माझा हात लागलेली वस्तूसुद्धा त्याला नकोशी झाली.

नंतर वर्षभरात ती गाडी आली. महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याची होती. त्याची सासुरवाडी सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याकडे, त्यामुळे महिन्याला एक फेरी ठरलेली. हौशी माणूस. घाटात कुणी पुढे जाऊ नये म्हणून त्यानं इंजिनाला एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवून घेतले होते. साधी गाडी थोडंफार कमीजास्त सोसते. ही अजिबात सोसत नव्हती. दोन्हीकडे हवा सारखी जायला हवी, नाहीतर लगेच रुसायची. मी अर्धा दिवस घालवून ती अशी लावली की बॉनेटवर पेल्यातलं पाणी हलू नये.

महिन्याभरानं परत आली ती फटफट करत, उपाशी असल्यासारखी. बॉनेट उघडून बघतो तर दोन्ही स्क्रू फिरवलेले. ड्रायव्हर वाईचा, वयस्कर, मऊ बोलणारा माणूस. हात कुणी लावला म्हणून विचारलं, तर तो सांगायला लागला की वर तुमच्या दादांच्या गॅरेजात. मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. ह्या शेडमध्ये त्याचं नाव काढायचं नाही, काढलं तर गाडी दुसरीकडे न्यायची, असं दरडावलं. म्हाताऱ्यानं नंतर ते नाव खरंच कधी काढलं नाही.

मी स्क्रू माझ्या जागेवर आणले आणि लाल ऑइलपेंटची बारीक रेघ मारली, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी कार्ब्युरेटरच्या अंगावर. स्क्रू हलला की रेघ तुटणार. चोर पकडायला दाराला दोरा बांधतात, तसला प्रकार.

रेघ दर महिन्याला तुटली. दोन्ही स्क्रूंवर, आणि दर वेळी तेवढीच, अर्ध्या फेऱ्याला जरा कमी. मी शिव्या घालत ती पुसायचो, स्क्रू परत फिरवायचो, नवी रेघ ओढायचो. मुलीच्या मामाचं हसू मला दर महिन्याला नव्यानं ऐकू यायचं. असं दोन वर्षं चाललं. एवढं तंतोतंत कुणी रागानं फिरवतं का, हा विचार मला शिवला नाही. दादाच्या पलटणीतल्या गोष्टीही आठवल्या नाहीत. जेवताना तो सांगायचा की लडाखला उंचावर माणसासारखी गाडीलाही धाप लागते. मी तेव्हा हसायचो. सांगलीचा माणूस मी, साताऱ्याच्या वर कधी गेलो नव्हतो.

मग एका श्रावणात, गुरुवारी, गाडी आली. बॉनेट उघडलं आणि रेघ अख्खी. दोन्हीकडची. मला असा आनंद झाला की काय सांगू. बायकोला शेडमध्ये बोलावून रेघ दाखवली. ड्रायव्हरला म्हटलं, आला म्हणायचं एकदाचा ताळ्यावर.

म्हातारा खाली बघत उभा होता. म्हणाला, "आता नाव काडलं तर रागावू नका मिस्त्री. त्यांनी ह्या म्हैन्यात बॉनेट उघाडलंच न्हाई. साताऱ्याच्या दवाखान्यात हाईत. छातीत कफ झालाय. वर पाऊस लय, आन शेड गळती."

बायको म्हणाली, ह्याच गाडीनं आत्ता जा. मी म्हणालो, रविवारी जातो. दोन गाड्या उद्या द्यायच्या होत्या हे खरं, पण ते कारण नव्हतं. मला वाटत होतं की त्यानं आधी बोलवावं. शनिवारी दुपारी तार आली.

माहुलीला संगमावर मीच अग्नी दिला, त्याला मुलगा नव्हता. वहिनी साताऱ्यात तिच्या भावाकडे होती. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करून झाल्यावर तिनं सांगितलं की वरच्या गॅरेजातली त्यांची पेटी तेवढी आणून द्या. हॉटेलवाल्यानं गाडी पाठवली. तीच गाडी, तोच ड्रायव्हर. वाई सोडून आम्ही पसरणीचा घाट चढायला लागलो.

अर्ध्या घाटात गाडी गुदमरायला लागली. मागे काळा धूर, पुढे धुकं. एका वळणावर बंद पडली. मी उतरलो, बॉनेट उघडलं. लाल रेघ जशीच्या तशी होती. दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. ही माझीच लावलेली गाडी होती.

ड्रायव्हर शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "दर खेपंला असंच हुतं. तुमी लावल्याली गाडी वर आली की दमती. हवा पातळ हाय नव्हं हितली. मग कशीबशी दादांच्या दारात न्यायची."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुमीच म्हणला हुता, नाव काडायचं न्हाई."

मी विचारलं, दादा काय म्हणायचा. मला वाटलं, माझ्या नावानं बोटं मोडत असेल, आणि ते ऐकलं तर थोडं बरं वाटेल. म्हाताऱ्यानं बॉनेटखाली बोट दाखवलं.

"ते त्या लाल रेघंवर बोट फिरवायचे. म्हणायचे, बगा, माझ्या भावानं माझ्यासाठी खूण करून ठिवलीया. कुठनं मोजायचं त्ये मला कळावं म्हणून. मग तिथनं मोजून फिरवायचे. म्हणायचे, ह्यो वरच्या हवंचा फेरा, खालचा त्यो लावंल. त्याच्यासारखा कान माझा बी न्हाई."

मी घाटाच्या कठड्यावर बसलो आणि रडलो. येणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून बघत गेली. कोण बघतंय याची पर्वा मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा केली नाही. ज्या रेघेनं मी त्याला चोर ठरवत होतो, तीच रेघ तो माझी माया समजून घेत होता. दोन वर्षं त्याला वाटत राहिलं की मी त्याच्याशी बोलतोय.

नळी जवळ नव्हती. लागलीही नाही. अर्ध्या फेऱ्याला जरा कमी, एवढं माप माझ्या हातात चोवीस महिन्यांचं बसलेलं होतं, फक्त मी ते नेहमी उलटं फिरवलं होतं. रेघेपासून मोजून दोन्ही स्क्रू फिरवले. गाडी चालू झाली आणि वरपर्यंत एका दमात गेली. वाटेत माझ्या ध्यानात आलं की त्याच्या हातचा शेवटचा फेरा मागच्याच्या मागच्या खेपेला माझ्यापर्यंत आला होता, आणि मी तो शिवी देऊन पुसला होता.

वरची शेड लहान होती. कोपऱ्यात ताडपत्री, खाली पाण्याचं थारोळं. पेटीत त्याचा पलटणीतला स्वेटर, दाढीचं सामान, आणि माझ्या लग्नातला आमचा दोघांचा फोटो. मी पेटी उचलली, शेडला कुलूप लावलं आणि किल्ली वहिनीला आणून दिली.

गाडी पुढच्या महिन्यात नेहमीसारखी सांगलीला आली, फटफट करत, मीच वर लावली होती तशी. मी नळी कानाला लावली, डोळे मिटले आणि स्क्रू खालच्या हवेला आणले. खालचा फेरा भाऊ लावील असं तो म्हणायचा, म्हणून लावला. सवयीनं रंगाचा डबाही उघडला होता. मग झाकण परत दाबून बसवलं. आता ती रेघ बघून मोजणारं वर कोणी नव्हतं.