आईचं नाक आणि शेजारची काकी

मोठ्या तापातून उठल्यावर आईला वास येईनासा झाला. जिभेला चव होती, पण नाक कोरडं ठाक. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आईने ते फारसं मनावर घेतलं नाही. सेक्टर ६ मधल्या माझ्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघर तिचंच होतं आणि हात सवयीने चालत होता.

त्या संध्याकाळी ड्युटीवरून आले तेव्हा सगळ्या ओळीतली लाइट गेली होती. स्कूटर लावून जाळीचं दार उघडलं आणि नाकात गॅस भरला. समोरच्या खोलीत आई बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर उभी. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात माचिस. वंदनेची वेळ झाली होती.

"आई, माचिस ठेव खाली! पेटवू नको!"

"कावून वं? का झालं?"

"गॅस भरला घरात. चाल बाहेर."

"मले तं काहीच वास येऊन नाही राहिला."

"तुले येत नाही, मले येते ना! चाल."

तिचा हात धरून अंगणात आणली. माझा मोबाइल स्कूटरच्या डिकीतच राहू दिला आणि ओढणी नाकाला लावून आत गेले. वरण उतू जाऊन बर्नर विझला होता, बटण मात्र उघडंच. ते बंद केलं, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या आणि मागचं दार सताड उघडलं. बाहेर येताना फ्रिज दिसला. लाइट आली की तो आपोआप सुरू होणार. आमचा मेन स्विच बाहेर, व्हरांड्यात. तो खाली ओढला.

तेवढ्यात शेजारची काकी आमच्याकडेच येताना दिसली. छत्तीसगढी बाई, आईची मैत्रीण. अंधार म्हणून हातात जळती मेणबत्ती.

"काकी, वहीं बुझा दो! गैस है!"

तिने फुंकर मारली आणि जागच्या जागी उभी राहिली. मग काही न विचारता आईला स्वतःच्या अंगणात नेऊन खाटेवर बसवलं.

तिथूनच, काकीच्या फोनवरून, मी गॅसच्या तक्रारीचा नंबर लावला. माणूस आला, त्याने नळी, शेगडी सगळं तपासलं, घर मोकळं झाल्याचं सांगितलं. तोवर लाइटही आली होती. मेन चालू केला आणि आईला आणायला गेले. काकीने दिलेला चहा तिच्या हातात तसाच होता.

"म्हणजे आता मी स्वयंपाक नाही कराचा?" तिने माझ्याकडे न पाहताच विचारलं.

स्वयंपाक सोडून आई दिवसभर काय करणार, हेच डोळ्यांसमोर येईना.

काकी म्हणाली, "क्यों नहीं करोगी? मेरी नाक है ना."

मी गॅसचा अलार्म आणून भिंतीवर खाली, जमिनीजवळ बसवून घेतला, कारण हा गॅस खाली साचतो. आईने स्वतःचा नियम केला: शेगडी पेटली की स्टूल टाकून तिथेच बसायचं, मधे उठायचं झालं तर आधी बंद करायची. तरी खरा भरवसा तिचा काकीवरच. संध्याकाळी मागच्या दारातून हाक जाते, "ये वं, वास घेऊन पाय!"

काकी पदराला हात पुसत येते, शेगडीजवळ वाकते, "सब ठीक" म्हणते. पण परत जात नाही. झाकण उघडून आईला एकेक वास सांगत बसते: जिरं जळायला आलं, सांबार आता टाक. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे आईनेच तिला शिकवलं. आई डोळे मिटून ऐकते.

काल काकी म्हणाली, "आज लहसुन ज्यादा है."

"ज्यादा नाही," आई म्हणाली, "बराबर आहे." आणि तिच्यासाठी वाटीत वरण वाढलं.